ड्युटीवरचा चेहरा

रात्री दोन ते चार ही नाईट ड्युटीतली सगळ्यात जड वेळ. बारा-साडेबारापर्यंत ॲडमिशन चालू असतात, मग औषधं, सलाईन, कुणाची व्हेन सापडत नाही म्हणून अर्धा तास, आणि त्यानंतर एकदम वॉर्ड शांत होतो, नातेवाईक खाली चादर अंथरून झोपलेले, फक्त पंख्याचा आवाज, आणि तेव्हा डोळ्यावर अशी झापड येते की उभ्या उभ्या माणूस पडेल. माझा त्यावर एकच उपाय आहे, बॉलपेन आणि पाठकोरा कागद. समोर जे दिसेल ते काढायचं. सलाईनचा स्टँड, खिडकी, टेबलावर डोकं ठेवून पाच मिनिटं पडलेली जोडीदार सिस्टर. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पुढं चित्रकला शिकायची फार इच्छा होती पण घरात मी मोठी, त्यामुळे नर्सिंगला गेले, त्याचं दुःख नाही, हे काम मला आवडतं. पण हात काही गप्प बसत नाही.

तर गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मी मोबाईलवर शोधत होते की नर्सची चित्रं बाकीच्यांनी कशी काढलीत, कारण मला ग्लोव्हज घातलेले हात जमत नव्हते. आणि एक तैलचित्र समोर आलं, १९४४ सालचं, लढाईच्या काळातल्या एका ऑपरेशन थिएटर सिस्टरचं पोर्ट्रेट. कुणी काढलंय बघितलं तर नाव नोरा हायसन, ऑस्ट्रेलियाची चित्रकार, आणि नावाच्या आधी कॅप्टन. चित्रकार आणि कॅप्टन? तेव्हापासून जवळजवळ चार महिने मी हिच्या मागे लागलेय, जेवढं मिळेल तेवढं वाचलंय, ऑफच्या दिवशी सगळी कामं टाकून वाचलंय, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

नोराचा जन्म ११ जानेवारी १९११ चा. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराच्या जवळ डोंगराळ भागात हानडॉर्फ नावाचं गाव आहे, जर्मनीतून आलेल्या लोकांनी वसवलेलं, तिथं ती वाढली. आठ भावंडांत चौथी. वडील हान्स हायसन हे त्या देशातले फार मोठे चित्रकार, निलगिरीची झाडं काढावीत तर त्यांनीच. आपल्याकडे निलगिरी म्हणजे सर्दीचं तेल नाहीतर माळावर लावलेली रांग, पण त्यांच्याकडे ते जुनं, प्रचंड बुंध्याचं, साल सोललेलं झाड असतं आणि ह्या माणसाने आयुष्यभर त्याचं ऊन-सावली रंगवली. हान्स स्वतः जन्माने जर्मन, हँबुर्गचे, लहानपणीच ऑस्ट्रेलियात आलेले. आणि मग पहिलं महायुद्ध आलं. शेजारीपाजारी, सरकार, सगळे संशयाने बघायला लागले की हे जर्मन आहेत. १९१७ मध्ये तर गावांची जर्मन नावं बदलायचा कायदाच केला, हानडॉर्फचं नाव ॲम्बलसाइड केलं, ते पुन्हा मूळ नावावर यायला १९३५ उजाडलं.

ह्या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. तेव्हा नोरा सहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या पोरीला गावाचं नाव का बदललं ते कसं समजावून सांगितलं असेल घरच्यांनी. आणि ज्या घराकडे एका लढाईत संशयाने बघितलं त्याच घरातली मुलगी पुढच्या लढाईत त्याच देशाच्या सैन्यात कॅप्टन झाली, खांद्यावर तीन फुल्या लावून. तिला स्वतःला त्याचं काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. त्यांच्या घरी मोठमोठे लोक यायचे, नेली मेल्बा ही जगभर गाजलेली ऑपेरा गायिका यायची, तिने नोराला रंग कालवायची एक पॅलेट भेट दिली, तीच पॅलेट तिने आयुष्यभर वापरली. पंचविशीच्या आतच तिची चित्रं मोठ्या सरकारी गॅलऱ्यांनी विकत घेतली होती. १९३३ मध्ये ॲडलेडला स्वतःचं पहिलं प्रदर्शन, आणि मग १९३४ मध्ये लंडन. तिथं आर्ट स्कूलमध्ये शिकली, प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार पिसारो यांचा मुलगा ल्युसिएन हाही चित्रकार, त्याने तिचे रंग बघून अजून उजळ, हलके रंग वापर म्हणून सुचवलं आणि तिने ते मनावर घेतलं. १९३७ ला परत, १९३८ ला सिडनी. त्या काळात तिने स्वतःचीच बरीच पोर्ट्रेट काढली, एकातही हसत नाही, सरळ आपल्याकडे बघते. मला ती नजर ओळखीची वाटते. आमच्या इनचार्ज सिस्टर राऊंडला अशा बघतात.

आणि मग आर्चिबाल्ड प्राइझ. हे त्यांच्याकडचं पोर्ट्रेटचं सगळ्यात मानाचं बक्षीस. १९३८ सालचं बक्षीस नोराला मिळालं, डच कॉन्सल जनरलच्या बायकोचं चित्र होतं, मादाम एलिंक स्कूरमन. जाहीर झालं जानेवारी १९३९ मध्ये, म्हणजे ती अठ्ठावीस वर्षांची. हे बक्षीस मिळवणारी पहिली बाई. आणि लगेच काय झालं माहितीय का, मॅक्स मेलड्रम नावाचे एक ज्येष्ठ चित्रकार होते ते जाहीरपणे बोलले की बायकांनी संसार बघावा, काही कामं त्यांना पुरुषांइतकी जमतील अशी अपेक्षा करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. आणि एका बायकांच्या साप्ताहिकाने तिची बातमी छापली ती अशी की बक्षीस मिळवणारी ही चित्रकार मुलगी स्वयंपाकही चांगला करते! मला वाचून इतका राग आला, पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट, लांबच्या देशातली, पण रात्री दोन वाजता वॉर्डात बसून मला खरंच राग आला, कारण बारा तास ड्युटी करून घरी गेल्यावर "आज भाकरी कुणी केली" हे ऐकलेलं असतं ना आपण. तिच्यानंतर दुसऱ्या बाईला ते बक्षीस मिळायला १९६० साल यावं लागलं, ज्युडी कॅसाब यांना. बावीस वर्षं.

आता सोलापूरकरांसाठी एक गोष्ट. ११ जानेवारी १९११ ही तारीख बघितल्यावर माझ्या डोक्यात लगेच दुसरी तारीख आली, १० ऑक्टोबर १९१०. आपले डॉक्टर कोटणीस. आम्ही नर्सिंगच्या मुली भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात गेलो होतो तेव्हापासून ही तारीख पाठ आहे माझी. म्हणजे ही दोघं तीन महिन्यांनी लहान-मोठी. एक सोलापुरात जन्मलेला, एक हानडॉर्फमध्ये. सप्टेंबर १९३८ मध्ये डॉक्टर मुंबईहून चार डॉक्टरांबरोबर चीनला निघाले, जपानशी लढणाऱ्या लोकांना औषधपाणी करायला, आणि त्याच वर्षी नोरा ते पोर्ट्रेट रंगवत होती. डॉक्टर तिकडेच राहिले, क्वो छिंगलान या नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंशी लग्न केलं, मुलगा झाला त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन एकत्र, आणि तो तीन-चार महिन्यांचा असतानाच ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. बत्तीस वर्षांचे. नोराला सैन्यात घेतलं ते त्यानंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये. दोघांची कधी गाठ पडली नाही, पडायचं कारणही नव्हतं, पण दोघंही ज्या लढाईत गेली ती एकच होती, समोर जपानच होता, आणि दोघांच्याही हातात बंदूक नव्हती. एकाच्या हातात चाकू, एकीच्या हातात ब्रश.

इथं मला खरं सांगायचंय. हे पहिल्यांदा मनात आलं तेव्हा माझं मलाच पटलं नाही. डॉक्टर कोटणीस आणि चित्र काढणारी बाई एका ओळीत कशी बसवायची? मी नर्स आहे. वॉर्डात धावपळ चालू असताना कोपऱ्यात एखादी बाई वही घेऊन माझं चित्र काढत उभी राहिली तर मी तिला आधी म्हणेन बाई, वही ठेव आणि हे सलाईन धर. ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकले होते.

तर सैन्यात घेऊन त्यांनी नोराला काय काम दिलं? ऑस्ट्रेलियाची पहिली अधिकृत महिला युद्ध-चित्रकार, हुद्दा कॅप्टनचा, आणि सुरुवातीचं काम म्हणजे मेलबर्नमध्ये बसून बायकांच्या वेगवेगळ्या दलांच्या प्रमुखांची पोर्ट्रेट काढायची. कर्नल सिबिल अर्व्हिंग, मेट्रन ॲनी सेज अशा मोठ्या बायका, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, समोर खुर्चीत बसलेल्या. ती चित्रं चांगली आहेत, त्यात काही वाद नाही, त्या काळात बायकांना एवढी जबाबदारी मिळाली याचा तो पुरावाच आहे. पण नोराला जिथं प्रत्यक्ष काम चाललंय तिथं जायचं होतं, आणि १९४४ मध्ये तिला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटावर पाठवलं, फिन्शहाफेन म्हणून ठिकाण आहे तिथं, नंतर लाए वगैरे.

तिथं ती राहिली कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनला. म्हणजे आघाडीवरून जखमी आला की फर्स्ट एडनंतर मोठ्या हॉस्पिटलला पाठवायच्या आधी जिथं आणतात ते, जिथं ठरतं की कुणाला लगेच टेबलवर घ्यायचं, कुणाला पुढं पाठवायचं आणि कुणाजवळ फक्त बसायचं. हे काम ज्याने केलंय त्यालाच कळतं. तंबू, पाऊस, चिखल, दमट उकाडा. बायकांनी तारेच्या कुंपणात राहायचं, एकटं कुठं जायचं नाही, प्रत्यक्ष आघाडीवर तर बिलकुल नाही. तिला त्याचा फार वैताग यायचा. पण मला वाटतं त्या कुंपणामुळेच तिला काढायला जे मिळालं ते दुसऱ्या कुणाला मिळालं नाही. पुरुष चित्रकार तोफा, जंगल, कूच करणारे जवान काढत होते. तिने थिएटर सिस्टर काढली, वॉर्डातल्या नर्स काढल्या, आणि पुढं ऑस्ट्रेलियात परत आल्यावर रक्तपेढी, मलेरिया संशोधन, हवाई दलातली स्वयंपाकीण, गाडी चालवणारी मुलगी.

आणि मलेरिया! न्यू गिनीत गोळीने जेवढे सैनिक आडवे झाले त्याच्या कितीतरी पट मलेरियाने झाले. मलेरियावरचं क्विनाईन ज्या जावा बेटावरून यायचं ते जपानने घेतलेलं, त्यामुळे ॲटेब्रिन नावाची गोळी रोज खायला लावायचे, आणि त्या गोळीने कातडी पिवळी पडायची, अख्खी पलटणच्या पलटण पिवळी. डॉक्टर फेअरली यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला त्याचं संशोधन चाललं होतं, सैनिकच स्वतःहून पुढं यायचे, मुद्दाम मलेरियाचे डास चावून घ्यायचे आणि मग औषधाचा किती डोस लागतो ते बघायचे. नोराने १९४५ मध्ये तिथं जाऊन हे काम काढलं. मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात वाढतो हे आपल्याच देशात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये शोधलं, आणि सोलापूरहून हैदराबादच्या गाडीत बसलं की सहा तासांत आपण तिथं असतो, पण मला हे संशोधन कसं पुढं गेलं ते एका चित्रकार बाईमुळे कळलं.

न्यू गिनीच्या हवेने नोराला त्वचेचा त्रास झाला, परत यावं लागलं. उकाड्यात अंगावर युनिफॉर्म, हे वाचताना मला २०२० चा मे महिना आठवला. सोलापूरचा मे, पारा चव्वेचाळीसच्या आसपास, आणि आम्ही पीपीई कीटमध्ये. सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. गॉगलवर वाफ धरायची. ग्लोव्हजच्या बोटांच्या टोकाला घाम साठायचा, हात वर केला की तो मनगटाकडे उतरायचा, खाली केला की परत बोटांत, आणि कीट काढल्यावर बोटं अशी दिसायची की दिवसभर धुणं धुतलंय, पांढरी, सुरकुतलेली. कोण कोण आहे ते कळायचं नाही म्हणून आम्ही एकमेकांच्या पाठीवर मार्करने नावं लिहायचो.

त्या दिवसांत ड्युटी संपली की आम्हाला वेगळ्या ठिकाणी क्वारंटाईन ठेवायचे, घरी जायचं नाही, आणि तिथं मला झोप यायची नाही म्हणून मी आठवून आठवून चित्रं काढली. पाठीवर नाव लिहिलेले, डोळेच फक्त दिसणारे. त्यात एक आमचे वॉर्डबॉय मामा होते. ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर तिरका करून त्याच्या बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत नेतात ना, ते मामा असं न्यायचे की जणू लहान पोराला हाताला धरून चालवताहेत, एक हात वरती व्हॉल्व्हवर, दुसरा कमरेपाशी. ते मी काढलं होतं. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, मामा गेले.

दोन-तीन महिन्यांनी त्यांची मुलगी कागदपत्रांसाठी हॉस्पिटलला आली होती. कुणीतरी तिला माझ्या चित्राचं बोललं असेल, ती शोधत माझ्याकडे आली. मी वही दाखवली. चेहरा नाहीच त्यात, मास्क, टोपी, गॉगल. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, सिस्टर, पप्पांचे फोटो खूप आहेत, लग्नातले, गड्ड्याच्या यात्रेतले, आधार कार्डवरचा, पण ते इथं काय करायचे ते आम्ही कधी बघितलंच नाही. मी ते पान फाडून तिला दिलं. झेरॉक्स काढून ठेवायचंही सुचलं नाही मला.

हे सगळं मी नोराचं वाचायच्या आधी झालेलं. पण ते डॉक्टर कोटणीस आणि नोरा एका ओळीत कसे, हे जे माझ्या मनात अडकलं होतं ना, की चित्र काढणं ही सेवा कशी, ते ह्या आठवणीपाशी येऊन सुटलं. ऑस्ट्रेलियाच्या वॉर मेमोरियलमध्ये तिची लढाईच्या काळातली दीडशेहून जास्त चित्रं आणि स्केचेस आहेत. त्यातल्या कितीतरी बायकांच्या घरी असेच फोटो असतील, लग्नातले, सणाचे. आणि ड्युटीवरची त्यांची मुद्रा फक्त तिथं, कॅनबेराला.

लढाई संपल्यावर नोराचं काय झालं ते फारसं आनंदाचं नाही. मलेरियावर काम करणारे डॉक्टर रॉबर्ट ब्लॅक तिला लढाईतच भेटले होते, दोघांनी १९५३ मध्ये लग्न केलं. त्यांच्या कामानिमित्त ती परत न्यू गिनीला, सॉलोमन बेटांवर फिरली, तिथल्या माणसांची चित्रं काढली, यावेळी कुंपण नव्हतं. पुढं दोघं वेगळे झाले. सिडनीला हंटर्स हिल भागात जुनं घर, बाग, मांजरं, आणि ती फुलं काढत राहिली. लोक विसरले. कला-जगात तोपर्यंत सगळं बदललं होतं, फुलदाणी काढणारी बाई म्हणजे जुनाट. मी तिची फुलांची चित्रं मोठी करून बघितली आहेत आणि मला हे म्हणणं अजिबात पटत नाही. झिनियाची एकेक पाकळी कशी कडेला सुकायला लागलीय ते ती सोडत नाही. पेशंटच्या नखांचा रंग बघणारी नजर आहे ती. शेवटी १९८९ च्या सुमारास तिच्यावर पुस्तक आलं, १९९३ ला मोठा पुरस्कार, १९९८ ला सरकारी सन्मान, २००० साली कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मोठं प्रदर्शन. ३० डिसेंबर २००३ ला ती गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन.

आता परवाचं सांगते. आमच्या वॉर्डातल्या आया मावशी ह्या महिन्यात रिटायर होताहेत. तीस वर्षांच्या वर नोकरी. मी त्यांना म्हटलं मावशी, तुमचं चित्र काढायचंय, नीट समोर बसवून. तर त्या ऑफच्या दिवशी इरकल नेसून आल्या, नाकात नथ, केसात शेवंतीचा गजरा, खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर. मी तसंच काढलं, काठाची नक्षी पण सगळी काढली, दीड तास लागला. मग म्हटलं मावशी, अजून एक काढते, नेहमीसारखं. त्यांना पटलं नाही आधी. पण दुसऱ्या दिवशी सकाळची पुसणी झाल्यावर त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात, चप्पल बाजूला, बादलीच्या कडेवर एक हात, तसं पाच-सात मिनिटांत काढून घेतलं. टाचेच्या भेगा, ओला पदर कमरेला खोचलेला, मान जरा डावीकडे, कारण त्यांचा डावा कान वॉर्डाच्या दाराकडे असतो, कुणी हाक मारली तर.

दोन्ही चित्रं त्यांच्यापुढं ठेवली, म्हटलं दोन्ही तुमचीच. त्यांनी इरकलीचं उचललं, पिशवीत भाकरीच्या डब्यावर आडवं, चुरगळणार नाही असं ठेवलं. दुसरं हातात घेऊन खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, टाचेवर बोट ठेवलं.

"हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या सिस्टर," म्हणाल्या. "ह्ये हितलं हाय."